सांगली-मिरज रस्त्यावरील नसांच्या आजाराचे डे-केअर केंद्र : मोजून औषध देणारी सेवा

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर रुग्णालयांची इतकी दाटी आहे की ‘कोणते चांगले’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. एकाच इमारतीतील एक विभाग उत्तम असतो आणि दुसऱ्याबद्दल न बोललेले बरे. म्हणून हा अभिप्राय एका खासगी रुग्णालयाच्या एकाच विभागापुरता, म्हणजे नसांच्या आजारांसाठी तेथे चालवल्या जाणाऱ्या डे-केअर केंद्रापुरता आहे. माझ्या सासऱ्यांना, ज्यांना घरात आम्ही आबा म्हणतो, सीआयडीपी हा नसांचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि गेले वर्षभर त्यांचे उपचार या केंद्रात चालू आहेत. पुढे काही तक्रारीही मांडल्या आहेत आणि आबांना आपल्या आजाराची गावभर चर्चा नको आहे, म्हणून रुग्णालयाचे नाव लिहिलेले नाही. परंतु हे उपचार सांगली, मिरज, कोल्हापूर किंवा कऱ्हाड येथे कोठेही घ्यायचे असले, तरी केंद्र निवडताना काय पाहावे याचा अंदाज यातून यावा.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाहेर हातापायांपर्यंत पसरलेल्या नसांवर मायलिनचे आवरण असते. सीआयडीपीमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती या आवरणालाच परके समजून त्यावर हल्ला चढवते, तेथे दाह होतो, आवरण विरत जाते आणि नसेतून जाणारा संदेश मंदावतो किंवा वाटेतच अडतो. हातापायांत मुंग्या येतात, बळ कमी होते, तोल जातो आणि गुडघ्यावर हातोडी मारली असता पाय उडत नाही. हे सगळे कमीत कमी आठ आठवडे वाढत राहते. काहींचा आजार सतत चढत जातो, तर काहींना मधूनमधून उतार पडून पुन्हा झटका येतो. स्टिरॉइडने कमी होणाऱ्या अशा आजाराचे वर्णन १९५८ मध्येच झाले होते, आणि १९७५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पीटर डिक यांनी सहकाऱ्यांसह त्याची सविस्तर मांडणी केली.

आबांच्या बाबतीत पहिली खूण चपलेची होती. द्राक्षबागेत फिरताना पायातली चप्पल निसटायची आणि ती निसटल्याचे त्यांना चार पावले पुढे गेल्यावर कळायचे. पुढे जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागू लागला आणि छाटणीची कात्री दाबली जाईना. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे सुरुवातीला सर्वांनी साखरेवर बोट ठेवले. एका ठिकाणी कमरेत नस दबल्याचे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी व्हिटॅमिनच्या इंजेक्शनांचा कोर्स झाला. मधुमेहाने नसा बिघडतात हे खरेच आहे, पण तो बिघाड बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन सावकाश वर सरकतो आणि त्यात बळापेक्षा संवेदना आधी जाते. मांड्या आणि खांदे यांतील बळ काही महिन्यांत उतरणे आणि चारही हातापायांतील प्रतिक्षेप, म्हणजे हातोडी मारल्यावर आपोआप होणारी हालचाल, हरवणे ही त्याची रीत नव्हे. हा फरक या केंद्रातील मेंदूविकारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत आम्हाला समजावून सांगितला, आणि तोही घाईने उरकला नाही.

निदानासाठी एनसीव्ही, म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो याची तपासणी करतात. ती अनेक ठिकाणी होते, पण येथे ती कशी होते हे लिहिण्याजोगे आहे. आम्ही थंडीत, सकाळच्या वेळी तासगावकडून मोटारसायकलवर आलो होतो आणि आबांचे हात गार पडले होते. तंत्रज्ञाने तपासणी सुरू करण्याआधी तळहाताचे तापमान पाहिले, ते ३२ अंशांच्या खाली असल्याचे सांगितले, आणि गरम पाण्याची पिशवी देऊन आम्हाला बसवून ठेवले. गार हातातील निरोगी नसही मंद चालते, त्यामुळे थंडीतला अहवाल विनाकारण वाईट येऊ शकतो. हात ऊबदार झाल्यावर मोजले तरी आबांच्या मनगटाकडे येणाऱ्या नसेचा वेग सेकंदाला २४ मीटर निघाला. हातात तो साधारण ५० किंवा त्याहून अधिक असायला हवा. आधी दुसरीकडे केलेल्या अहवालात तापमानाची नोंदच नव्हती, त्यामुळे त्यावर विसंबता आले नाही. पाठीतले पाणी तपासले तेव्हा त्यात प्रथिने वाढलेली आणि पेशी जवळजवळ नसल्यासारख्या होत्या, जे या आजाराला साजेसे आहे. मात्र मधुमेहातही ती प्रथिने थोडी वाढलेली दिसतात, म्हणून केवळ तेवढ्यावर निदान करायचे नसते, हेही डॉक्टरांनी स्पष्ट केले.

केंद्रात रुग्णाला मराठीत छापलेली माहितीपत्रिका देतात. तिचा हेतू चांगला आहे, पण मजकुरावर आणखी हात फिरवायला हवा. तिच्यात नसेला मोटारीच्या वायरीची आणि मायलिनला तिच्यावरील प्लॅस्टिकची उपमा दिली आहे. शेतकऱ्याला ती चटकन पटते, पण खरा दिलासा ज्या गोष्टीत आहे तीच या उपमेत निसटते : वायरीचे प्लॅस्टिक एकदा सोलले की सोलले, नसेचे आवरण मात्र तिच्याभोवतीच्या श्वान (Schwann) नावाच्या पेशी पुन्हा तयार करतात, आणि म्हणूनच दाह वेळेत आटोक्यात आला तर गेलेले बळ परत येते. आतील तंतूच तुटला तर मात्र तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने वाढतो, आणि पाठीपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतले तर उशिराची किंमत किती मोठी आहे हे कळते. ही दोन वाक्ये पत्रिकेत असती तर पाच पानांचे काम झाले असते.

त्याच पत्रिकेत सीआयडीपी आणि जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम, यांची थोडी सरमिसळही झाली आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, त्यानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ‘पुण्याचा तोच आजार का’ असे विचारत असे. दोन्हींत रोगप्रतिकारशक्ती नसांवरच उलटते आणि म्हणून हे आजार एकमेकांचे भाऊबंद आहेत, पण त्यांची चाल वेगळी आहे. जीबीएस सहसा एखाद्या संसर्गानंतर येतो, चार आठवड्यांच्या आत त्याचा कळस होतो, श्वासाचे स्नायू सापडले तर व्हेंटिलेटर लागू शकतो, आणि मग तो उतरणीला लागतो. सीआयडीपी रेंगाळतो आणि त्याला वर्षानुवर्षे औषध लागू शकते. उपचारांतही भेद आहे : स्टिरॉइडचा सीआयडीपीत उपयोग होतो, जीबीएसमध्ये होत नाही. दूषित पाण्यातून येणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूचा जीबीएसशी संबंध आहे, म्हणून पाणी उकळून पिण्याचा पत्रिकेतील सल्ला तेथे योग्यच. सीआयडीपीच्या रुग्णाला तो वाचून आपल्या घरच्या विहिरीवर संशय येतो, त्याला मात्र आधार नाही. आणि या दोहोंपैकी कोणताही आजार शेजारी बसल्याने लागत नाही, हे पत्रिकेत ठळक अक्षरांत छापायला हवे होते.

सीआयडीपीवर तीन उपचार पहिल्या फळीत गणले जातात : स्टिरॉइड, आयव्हीआयजी आणि प्लाझ्मा बदलणे. स्टिरॉइड स्वस्त पडते, पण आबांची साखर आधीच चढती असल्याने ते टाळून आयव्हीआयजी निवडले. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातील द्रवातून, वेगळी काढलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) म्हणजे हे शिरेतून द्यायचे औषध, त्यामुळे ते महाग असते आणि फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांवर ठेवावे लागते. सुरुवातीचा डोस वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या आबांना १२० ग्रॅम, चार दिवसांत विभागून दिला. पुढे दर तीन आठवड्यांनी किलोमागे १ ग्रॅम ठरले. पाच ग्रॅमच्या बाटलीत १०० मिलिलिटर द्रव असतो, म्हणजे प्रत्येक खेपेला बारा बाटल्या, लागोपाठ दोन दिवस सहा-सहा.

इन्फ्युजनच्या खोलीतील शिस्त मला मनापासून आवडली. बाटल्या फ्रीजमधून काढून ट्रेमध्ये ठेवल्या जातात आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय जोडल्या जात नाहीत. सिस्टर बाटली हलवत नाहीत, कारण हलवली की फेस येतो. ती उजेडासमोर धरून द्रव गढूळ नाही ना एवढे पाहतात, आणि प्रत्येक बाटलीवरील बॅच क्रमांकाचा कागद सोलून केसपेपरवर चिकटवतात. पहिला अर्धा तास पंपावर ताशी ३० मिलिलिटर एवढाच वेग असतो, आणि नाडी व रक्तदाब पाहून तो टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. शेजारच्या खाटेवरील एका नातेवाइकाने ‘जरा जोरात सोडा, बस चुकेल’ असा आग्रह धरला, तेव्हा सिस्टरांनी घाईने डोकेदुखी, थंडी वाजणे आणि रक्तदाबाचे चढउतार होतात हे शांतपणे समजावले आणि पंपाला हात लावू दिला नाही. अथणी आणि जमखंडीकडून आलेल्या रुग्णांशी त्या कन्नडमध्ये बोलतात, हेही नोंदवले पाहिजे.

मधुमेही रुग्णांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट मला येथेच प्रथम कळली. आयव्हीआयजीच्या काही ब्रँडमध्ये औषध टिकवण्यासाठी माल्टोज ही एक प्रकारची साखर घातलेली असते, आणि काही प्रकारच्या ग्लुकोमीटरना माल्टोज आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नाही. मग साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, आणि त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले तर रुग्णाची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. सिस्टरांनी बाटलीवरील घटक वाचून आबांच्या घरच्या ग्लुकोमीटरची पट्टी मागून पाहिली आणि त्या दिवसापुरती साखर प्रयोगशाळेतच तपासायला लावली. सुक्रोज असलेल्या औषधांनी मूत्रपिंडाला त्रास होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून प्रत्येक खेपेआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा अहवाल मागितला जातो आणि आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायला सांगितले जाते.

तरीही या केंद्राला मी इतरांपेक्षा वरचे स्थान देते ते खोलीतील शिस्तीसाठी नव्हे, तर बाटली लावण्याआधीच्या अर्ध्या तासासाठी. आबा आले की आधी त्यांचे वजन होते. मग फिजिओथेरपिस्ट पकड मोजण्याचे यंत्र हातात देतात. उजव्या आणि डाव्या हाताने तीन-तीन वेळा दाबायचे, आणि मधे विश्रांती घ्यायची. व्हरांड्याच्या फरशीवर पिवळ्या पट्ट्यांनी दहा मीटर आखलेले आहेत, तेवढे अंतर चालायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहतात. हात आणि पाय यांना शून्यापासून पाचपर्यंत गुण देण्याची एक पद्धत आहे, दोन्ही मिळून दहा; त्यात गुण जितके जास्त तितकी लाचारी जास्त. त्याशिवाय चोवीस प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात : वर्तमानपत्र वाचता येते का, जेवता येते का, जिना चढता येतो का, असे करत करत ती धावण्यापर्यंत जाते. तिच्यात नाचता येते का असाही एक प्रश्न आहे. आबा त्यावर म्हणाले, ‘माझ्या स्वतःच्या वरातीत नाचलो नाही, आता काय लिहू?’ तरुण फिजिओथेरपिस्ट हसल्या, पण प्रश्न काही त्यांनी गाळला नाही. छाटणीची कात्री मात्र त्या यादीत नव्हती. ती त्यांनी वहीच्या समासात वेगळी लिहून घेतली, गुणांत न धरता, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तिची चौकशी केली.

पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम मी करते, त्यामुळे आकड्यांचे रकाने मला आपोआप वाचले जातात. या मोजमापांच्या तक्त्यात काही महिन्यांत एक आकृती दिसू लागली : औषधानंतर पहिल्या आठवड्यात पकड वाढायची, दुसऱ्या आठवड्यात टिकायची आणि तिसऱ्याच्या शेवटी उतरायची. आम्ही घरी पकड मोजत होतो ती केंद्राने उसन्या दिलेल्या यंत्रावर, म्हणून हे कळले. रक्तातील प्रतिपिंडे सुमारे तीन आठवड्यांत निम्म्यावर येतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या उताराचा अर्थ लागला. उलट दिवाळीनंतर शेवटच्या आठवड्यातला तो उतार नाहीसा झाला. त्याच सुमारास फळछाटणीचे काम मार्गी लागले होते आणि आबांनी चार वेली स्वतः छाटल्या होत्या, म्हणजे समासातली नोंदही तेच सांगत होती. तेव्हा डॉक्टरांनी डोस ६० वरून ४५ ग्रॅमवर आणण्याचे सुचवले. घरात सासूबाईंचा त्याला विरोध होता, कारण चालू असलेले औषध कमी करणे म्हणजे संकटाला बोलावणे, अशी त्यांची समजूत. डॉक्टरांनी त्यांना युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी आणि पेरिफेरल नर्व्ह सोसायटी यांनी २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आधार सांगितला : प्रकृती स्थिरावल्यावर ठरावीक काळाने डोस उतरवून पाहायचा, कारण काही रुग्णांना औषधाची गरजच उरलेली नसते, आणि बळ कमी झाले तर पुन्हा वाढवता येते. डोस उतरवला, पकड टिकली. प्रत्येक खेपेला तीन बाटल्या वाचल्या, आणि त्यांची किंमत मोजण्याच्या त्या अर्ध्या तासाच्या शुल्काहून कितीतरी मोठी आहे.

मोजमाप न करता ‘बरे वाटते का’ एवढेच विचारून दर तीन आठवड्यांनी बाटल्या लावणारी सेवा कितीही चकचकीत असली तरी माझ्या मते अर्धवट आहे. थकवा, झोप, हवामान, पावसाची चिंता यांवर ‘बरे वाटणे’ हेलकावे खाते. आणि औषध लागूच पडत नसेल तर तेही मोजल्याशिवाय उशिरा कळते. काही रुग्णांत न्यूरोफॅसिन-१५५ किंवा कॉन्टॅक्टिन-१ या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यांना आयव्हीआयजीचा फारसा गुण येत नाही आणि रिटुक्सिमॅबसारखे वेगळे औषध उपयोगी ठरू शकते. आबांना गुण आला, त्यामुळे त्या वाटेने जावे लागले नाही.

पैशांबाबत केंद्राचा व्यवहार स्वच्छ आहे, उदार मात्र नाही. प्रत्येक बाटली बिलात बॅच क्रमांकासह येते आणि लावलेल्या बाटल्यांचा व बिलातल्या बाटल्यांचा मेळ बसतो. मी तो दर वेळी घालून पाहते. पण औषध छापील कमाल किमतीलाच मिळते. वितरकाकडून ते बरेच स्वस्त पडते, तरी बाहेरून आणलेली बाटली केंद्र घेत नाही. फ्रीजबाहेर राहिलेली बाटली ओळखता येत नाही, हे त्यांचे कारण मला पटते. मग त्यांनीच थोडी सवलत द्यावी, एवढेच म्हणणे आहे. विम्याबाबत आधी लेखी विचारून घ्यावे. चोवीस तास दाखल असल्याशिवाय दावा न मानणाऱ्या पॉलिसी अजूनही आहेत, आणि आमचा पहिला दावा त्याच कारणाने परत आला. केंद्राच्या विमा खिडकीवर त्याची पूर्वसूचना कोणी दिली नव्हती.

सर्वांत खटकणारी गोष्ट स्वच्छतागृहाची आहे. ज्या विभागातील निम्म्या रुग्णांना खाली बसून उठता येत नाही, तेथील स्वच्छतागृहाच्या दाराशी चार बोटे उंच उंबरा आहे आणि कमोडच्या बाजूला धरायला दांडी नाही. सलाईनचा स्टँड एका हातात आणि भिंत दुसऱ्या हातात अशी कसरत आबांना करावी लागते, आणि सिस्टर मदतीला येतात तरी पुरुष मदतनीस दुपारनंतर नसतो. लेखी तक्रार दिली, पोच मिळाली, दांडी अजून बसलेली नाही. दुसरी तक्रार औषधानंतरच्या डोकेदुखीची. ती दुसऱ्या दिवशी येऊ शकते हे घरी जाताना सांगितले जाते, पण ताप, मान आखडणे किंवा उजेड सहन न होणे असे झाल्यास आणि पोटरी सुजल्यास किंवा छातीत दुखल्यास ताबडतोब यावे, हे कागदावर लिहून देत नाहीत. औषधाने क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि रक्ताच्या गाठीही होऊ शकतात. ही माहिती तोंडी देऊन भागत नाही. तसेच प्लाझ्मा बदलण्याची सोय या केंद्रात नाही, त्यासाठी दुसरीकडे जावे लागते.

पाचपैकी चार तारे देते. दांडी बसली की अर्धा वाढवीन. जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून बाटल्या शिल्लक असल्याची खात्री करावी, क्रिएटिनिनचा अहवाल आणि जुना तक्ता सोबत न्यावा, सैल बाह्यांचा सदरा घालावा आणि सोमवार टाळावा, कारण बाहेरगावचे रुग्ण त्याच दिवशी जास्त असतात. गाडी मागच्या बाजूला लावावी. उतार तिकडेच आहे, पुढच्या दाराला पायऱ्या आहेत.